गोबर-गॅसची प्रत कशी पारखावी ?

थंडी पडू लागली की पारशिवनी भागातील गावांतून, "टाकी वर चढते, पण गॅस नीट जळत नाही," अशी तक्रार येऊ लागते. अशा वेळी संयंत्रच बिघडले असे समजून ते बंद ठेवले जाते आणि शेण पुन्हा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाते. वास्तविक गॅस कमी येणे व तो हलक्या प्रतीचा येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

शेण हवेवाचून कुजले म्हणजे त्यातून मुख्यतः दोन वायू निघतात. शेकडा 55 ते 65 असलेला मिथेन जळतो. शेकडा 30 ते 40 असलेला कार्बन डायऑक्साइड जळत नाही. उत्तम गॅसची ज्योत निळी व स्थिर असते. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील, तर दोष बहुधा शेगडीचा असतो. तिचे हवेचे छिद्र प्रथम साफ करावे. हवा कमी करूनही ज्योत बर्नरपासून सुटून विझत असेल, तरच गॅसविषयी शंका घ्यावी. ही परीक्षा शेगडीवरच करावी. टाकीच्या तोंडाशी काडी कदापि ओढू नये. हवामिश्रित गॅसचा स्फोट होतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1962 साली स्वीकारलेल्या तरंगत्या टाकीच्या पद्धतीत नव्या संयंत्राची पहिली टाकीभर हवा-गॅस याच कारणास्तव उघड्यावर, विस्तवापासून दूर सोडून देतात.

नक्की प्रमाण हवे असल्यास ग्रामसेवकांनी बिनसुईच्या मोठ्या पिचकारीत 40 मिलिलिटर गॅस व 10 मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण घेऊन, तोंड बंद करून हलवावे. एकंदर माप 50 वरून 36 वर आले, तर 14 मिलिलिटर, म्हणजे शेकडा 35, कार्बन डायऑक्साइड शोषला गेला. द्रावण कातडी जाळते. हातमोजे व चष्मा हवाच.

शेकडा 45 च्या वर आकडा गेल्यास शेणकाला आंबट झाला आहे काय, ते लिटमस कागदाने पाहावे. थंडीत मिथेन करणारे जंतू मंदावतात. आम्ल करणारे तितके मंदावत नाहीत. त्यातच संत्र्यांच्या साली किंवा शिळे अन्न एकदम टाकले, की आम्ल साचते. (गोठा फिनाइलने धुऊन ते पाणी संयंत्रात सोडणारेही आढळतात, त्याने जंतूच मरतात.) काही दिवस भरणी थांबवावी, काला ढवळावा, चांगल्या चालू संयंत्रातील काला विरजणाप्रमाणे घालावा आणि मग शेण व उन्हात कोमट झालेले पाणी समभाग कालवून थोडे थोडे वाढवावे.

गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो बर्नर व नळ खातो. नळीत लोखंडाच्या गंजलेल्या किसाची डबी बसविल्यास बराच अडतो. मात्र हा वायू फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. म्हणून रिकाम्या केलेल्या खड्ड्यातही वास नाही एवढ्यावरून कोणी उतरू नये.