मातीच्या भिंती आणि फवारणीचे वेळापत्रक

गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा असल्यामुळे, भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलव्याप्त तालुक्यांत घरातील कीटकनाशक फवारणी किती अंतराने व्हावी, हा प्रश्न थेट माणसांच्या जिवाशी निगडित आहे. हिवताप पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी रक्त प्यायल्यावर बहुधा जवळच्या भिंतीवर विसावते, आणि तिच्या शरीरातील परजीवी परिपक्व होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागत असल्याने, या अवधीत ती औषध लागलेल्या भिंतीवर बसून मेली, तर तिच्यापासून पुढे होणारा संसर्ग टळतो. भिंतीवर औषधाचा थर टिकवून ठेवणाऱ्या या पद्धतीस अवशिष्ट फवारणी म्हणतात. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचा ती कणा होती.

दोन फेऱ्यांमधील अंतर हा थर किती काळ प्रभावी राहतो यावर ठरते. डीडीटी, तसेच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील डेल्टामेथ्रिनसारखी औषधे १० ते १२ आठवडे टिकतात, म्हणून हंगामात त्यांच्या दोन फेऱ्या होतात. मॅलॅथिऑनचा प्रभाव ६ ते ८ आठवड्यांतच ओसरत असल्याने त्याच्या तीन फेऱ्या घ्याव्या लागतात.

हा हिशेब खरा बिघडतो तो सारवणापाशी. कुडाच्या भिंतींवर पोळ्याला किंवा दिवाळीला मातीचा नवा हात फिरला, की पाण्यात कालवून फवारलेल्या भुकटीचे पृष्ठभागावर उरलेले कण त्याखाली गाडले जातात आणि पुढचे कित्येक आठवडे फवारणी केवळ नोंदवहीत उरते. म्हणूनच फवारणीची तारीख गावाला आधी कळवणे हा उपचार नसून नियोजनाचा गाभा आहे, कारण सारवण आधी आणि फवारणी नंतर, एवढा क्रम पाळल्याने तेच औषध पूर्ण मुदत काम करते. पहिली फेरी पावसापूर्वी उरकणेही तितकेच निकडीचे ठरते, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. देवघर आणि धान्याची खोली वगळून केवळ ओसरी फवारून घेण्याचा आग्रहही घातक आहे, कारण डास विसाव्यासाठी आतला अंधारच शोधतो.

हिवतापासाठी दोन फवारण्यांमधील अंतर असे कित्येक आठवड्यांचे असते; चंद्रपूरसारख्या शहरात डेंग्यूपुरते मात्र डासनियंत्रणाचे अंतर एका आठवड्यावर येते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात आणि त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक महिने तग धरतात; त्यामुळे कूलरची टाकी दर आठवड्याला नुसती रिकामी न करता आतून घासून काढावी लागते.