महागड्या यूएसबी तारेने आवाज सुधारतो काय?

संगणकावरील गाणी हाय-फायवर ऐकणाऱ्यांना काही दुकानदार हजारो रुपयांची यूएसबी तार दाखवतात. तिने म्हणे आवाज गोड होतो. आम्ही कापडवाले, हात लावल्याशिवाय पोत मान्य करीत नाही.

1996 साली आलेल्या यूएसबीच्या तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला सुमारे 14 लाख बिट लागतात; 2000 सालच्या यूएसबी 2.0 ची कमाल गती 48 कोटींची आहे. वाट अरुंद असल्याची सबब इथे चालत नाही. आकडे बिघडलेच तर 'टक्' असे ऐकू येते किंवा गाणे तुटते. आवाज जाडाभरडा होत नाही.

फरक पडतो तो दुसरीकडे. आकड्यांचा आवाज करणारे यंत्र म्हणजे डॅक. तो संगणकाच्या तालावर चालला, तर मापे किंचित मागेपुढे पडू शकतात. गज खरा, पण मोजणाऱ्याचा हात हलता. 'असिंक्रोनस' डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतो व लागेल तेवढाच माल संगणकाकडून मागवतो. घेताना हेच विचारावे.

शिवाय तारेतून 5 व्होल्टची वीज आणि अर्थिंगही जोडले जाते. त्या वाटेने गुणगुण स्पीकरपर्यंत येऊ शकते. सोन्याचा मुलामा तिला अडवीत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. दोन्हीकडे सोय असल्यास ऑप्टिकल तार जोडावी, तिच्यातून वीज जातच नाही.

तरीही दुकानदार हटून बसला, तर त्याला न सांगता तार बदलायला लावावी आणि महागडी कोणती ते आपण ओळखावे.