चौथा कोपरा

वक्र छपरांची घडण : लेखांक ११

ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरची सुरुवात आज करायची ठरली होती. ती पुढे ढकलतो आहे, कारण नाशिकच्या एका फॅब्रिकेटर वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन पुढे जाणं मला जमणार नाही.

एका मंगल कार्यालयाच्या चौकावर काचेचं छप्पर करायचं आहे. चौक १० मीटर बाय १० मीटर. छपराचे तीन कोपरे एका पातळीत, चौथा २ मीटर उंच. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये मीटर-मीटरच्या चौकटी आहेत, म्हणजे शंभर तावदानं. काच मागवण्याआधी या गृहस्थांनी मॉडेलमधली मापं घेऊन अँगलच्या काही चौकटी जोडल्या आणि प्लायवूडचे तुकडे वर ठेवून पाहिले. तीन कोपरे टेकतात, चौथा अधांतरी. फट मोजली तर सगळीकडे वीस मिलिमीटरच्या आसपास. ते विचारतात, "वेल्डिंग चुकलं असतं तर फट कुठे कमी, कुठे जास्त आली असती. सगळीकडे सारखीच कशी? आणि स्क्रीनवर तर प्रत्येक काच सपाट दिसते."

आधी स्क्रीनचं. तीन बिंदूंमधून एक सपाट पातळी नेहमीच जाते, चौथा बिंदू तिच्यावर असेलच असं नाही. तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं स्टूल डुगडुगतं. कॉम्प्युटर चौकोन रंगवताना त्याचे गुपचूप दोन त्रिकोण करतो आणि मधली कर्णरेषा दाखवत नाही. पिळलेला चौकोन म्हणूनच स्क्रीनवर निमूट सपाट दिसतो. दृश्यावर विश्वास न ठेवता आकडे तपासायचे.

तपासणी अगदी सोपी आहे. नकाशात चौकट चौरस किंवा समांतरभुज असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या उंचीची बेरीज करा. दोन्ही कर्णांची बेरीज सारखी आली, तर काच बसेल. नकाशात दोन्ही कर्णांचे मध्यबिंदू एकाच जागी येतात. त्यांची उंचीही एक असेल, तरच चारही कोपरे एका पातळीत असतात.

आता हे छप्पर घेऊ. उंच कोपऱ्याच्या समोरच्या कोपऱ्यापासून एका बाजूने क्ष मीटर आणि दुसऱ्या बाजूने य मीटर गेलं, की उंची २० × क्ष × य मिलिमीटर. दहा-दहा घालून पाहा, २००० मिलिमीटर येतात. मधली एक चौकट धरू : (४,४), (५,४), (५,५), (४,५). उंची अनुक्रमे ३२०, ४००, ५००, ४००. एका कर्णाची बेरीज ८२०, दुसऱ्याची ८००. फरक वीस. दुसरी कुठलीही चौकट घ्या, फरक वीसच येणार. फट सगळीकडे सारखी का, त्याचं उत्तर हे. वेल्डरचा हात चोख होता. पीळ आराखड्यातच होता, आणि तो शंभर तावदानांत समान वाटलेला होता.

हा पृष्ठभाग म्हणजे आपला जुना ओळखीचा हायपार, हायपरबोलिक पॅराबोलॉइड. वास्तुविशारद फेलिक्स कँडेलानं मेक्सिकोत ज्याचा ध्यास घेतला, तोच. सोचिमिल्कोचं लॉस मानान्तियालेस उपाहारगृह (१९५८) म्हणजे हायपारच्या पाकळ्या आणि जेमतेम ४ सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट. हायपारवर सरळ रेषांच्या दोन माळा असतात. त्यामुळे वक्र कवचाचं शटरिंग सरळ फळ्यांनी करता येतं. कँडेलाच्या सुताराला त्या रेषा वरदान होत्या.

काचेला मात्र त्याच रेषा सर्वांत वाईट. ऱ्हायनोमध्ये चार कोपरे देऊन पृष्ठभाग करा. त्यावर आपोआप दिसणाऱ्या रेषा म्हणजे नेमक्या याच सरळ रेषा. काठाला समांतर, दिसायला शिस्तीच्या. पॅनेल पाडताना हात तिकडेच जातो. नाशिकच्या छपराचं तेच झालं असणार.

आणि इथे मला भूमितीतली सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगायची आहे. छप्पर तेच ठेवा. एकही कोपरा हलवू नका. फक्त रेषा ४५ अंशांत फिरवा. (४,४), (५,५), (४,६), (३,५) हे चार बिंदू घ्या. उंची ३२०, ५००, ४८०, ३००. एक बेरीज ८००, दुसरीही ८००. पीळ गेला!

असं का होतं? कर्णाच्या दिशेनं पाहिलं, तर हायपार म्हणजे एक अन्वस्त दुसऱ्या अन्वस्तावरून सरकवून झालेला पृष्ठभाग. एक वक्ररेषा न वळवता, न फिरवता दुसरीवरून नेली, की चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू समान आणि समांतर राहतात. समांतरभुज चौकोन पिळलेला असूच शकत नाही. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा : चौकोनी काच सपाट बसेल की नाही, हे नुसत्या पृष्ठभागावर ठरत नाही, त्यावर आपण रेषा कुठल्या दिशेनं ओढतो, त्यावर ठरतं.

नाशिकच्या चौकात काठावर दर २ मीटरला खूण करून कर्णाच्या दिशेनं रेषा टाकल्या, तर ४० चौकोन आणि काठालगत २० त्रिकोण मिळतात. त्रिकोणांची चिंताच नाही, ते सपाटच. शंभराऐवजी साठ तुकडे. शिवाय उंच कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे आरशातल्या प्रतिमेसारखे आहेत, आणि सपाट काच उलटी करून लावता येते. म्हणजे ३० नमुने पुरतील. लेप दिलेली काच असेल, तर मात्र बाजू सांभाळावी लागेल. तावदान मोठं होईल, तेव्हा काचेची जाडी इंजिनिअरकडून नव्यानं ठरवून घ्या. रेव्हिटच्या मासमध्ये हे करायचं असेल, तर विभागलेल्या पृष्ठभागाची जाळी ४५ अंशांत फिरवण्याची सोय तिथे आहे.

वक्ररेषा सरकवण्याची ही युक्ती जर्मनीतले इंजिनिअर यॉर्ग श्लाइश आणि हान्स शोबर यांनी काचेच्या छपरांसाठी फार सुंदर वापरली. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं पाणघोड्यांचं घर पाहा. एकमेकांत मिसळलेले दोन घुमट, आणि काचा चौकोनी, सपाट.

मग सगळीकडे त्रिकोणच का करू नयेत, असंही पत्रात विचारलं आहे. काही ठिकाणी दुसरा इलाजच नसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा ग्रेट कोर्ट (२०००) घ्या. बाहेर आयत, आत गोल वाचनालय, तेही बरोबर मध्यभागी नाही. बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्स यांनी त्या छपराचं सूत्र मांडलं. ३,३१२ त्रिकोणी काचा, एकीसारखी दुसरी नाही. पण त्रिकोणांची किंमत मोजावी लागते. चौकोनी जाळीत एका सांध्याला चार नळ्या येतात, त्रिकोणी जाळीत सहा. तितक्याच सांध्यांना दीडपट नळ्या लागतात, सावली वाढते, आणि काच कापताना तुकडे जास्त वाया जातात. चौकोनाचा मार्ग तपासल्याशिवाय त्रिकोणाकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

राहिली काच दाबून बसवण्याची गोष्ट. थोडा पीळ काच सोसते, पण तो ताण तिच्या अंगात कायमचा राहतो आणि दुहेरी काचेच्या कडांचं सीलही ताणलं जातं. इंजिनिअरनं हिशेब करून दिल्याशिवाय स्क्रू आवळून चौथा कोपरा खाली आणू नका.

नाशिकच्या वाचकांनी हे आकडे आर्किटेक्टसमोर ठेवावेत. काच अजून मागवलेली नाही, तेव्हा वेळ गेलेली नाही. बाकीच्यांनी आपल्या मॉडेलमधल्या चार-पाच चौकटींच्या कर्णांच्या बेरजा करून कळवाव्यात. काहींचं छप्पर हायपारही नसेल आणि सरकवूनही होणारं नसेल. अशा छपरावर सपाट चौकोनांची दिशा कशी शोधायची, ते पुढच्या आठवड्यात पाहू. त्या शोधासाठी ग्रासहॉपर लागणारच आहे.