संगणक जोडी कशी शोधतो?

संगणक आता ग्रामपंचायतीच्या कार्यालयास किंवा शाळेस नवा राहिलेला नाही. तथापि, यंत्राने दिलेले उत्तर ते कोणत्या रीतीने काढते, याची माहिती वापरणाऱ्यास असतेच असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात संगणकाच्या आज्ञावली लेखनाचा परिचय करून देण्याचे सुचविले आहे. त्यामुळे ही रीत समजून घेणे शिक्षकांइतकेच कार्यालयीन कर्मचारी व लोकप्रतिनिधी यांनाही उपयुक्त ठरेल. नवशिक्यांना दिल्या जाणाऱ्या एका सोप्या उदाहरणातून ती स्पष्ट होते. ते उदाहरण म्हणजे यादीतून ठरावीक बेरजेची जोडी शोधणे.

पाच पावत्यांचा हिशेब

समजा, एका ग्रामपंचायतीत एके दिवशी पाणीपट्टीच्या पाच पावत्या फाडल्या गेल्या. त्यांच्या रकमा अनुक्रमे १२०, २७५, ९०, ३१० व १५५ रुपये, म्हणजे एकूण ९५० रुपये आहेत. सायंकाळी पेटीत मात्र ५२० रुपयेच भरले. दोन ग्रामस्थ “पैसे संध्याकाळी आणून देतो” असे सांगून पावती घेऊन गेले. परंतु त्यांची नावे टिपून ठेवायची राहिली. ४३० रुपयांची ही तूट कोणत्या दोन पावत्यांची, हा प्रश्न आहे. चुकीच्या घरी मागणी गेली, तर ज्याने प्रामाणिकपणे पैसे भरले त्यालाच पुन्हा पैसे मागितल्यासारखे होईल.

आवर्तनात आवर्तन

आज्ञावलीच्या भाषेत अशा क्रमवार यादीस ‘अ‍ॅरे’ म्हणतात. यादीतील प्रत्येक रकमेस तिचा स्थानक्रमांक असतो. एकच कृती पुन:पुन्हा करण्याच्या आज्ञेस ‘लूप’ अथवा आवर्तन अशी संज्ञा आहे. जोडी शोधण्यासाठी एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन ठेवावे लागते. ही कल्पना जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांतही आवर्तनांच्या आवर्तनाचा विचार आढळतो.

कृती पुढीलप्रमाणे होय :

१. बाहेरील आवर्तनाने पहिली रक्कम हाती धरावी.
२. आतील आवर्तनाने तिच्या पुढील प्रत्येक रक्कम क्रमाने घ्यावी.
३. दोहोंची बेरीज ४३० झाल्यास ती जोडी नोंदवावी.
४. आतील यादी संपली की बाहेरील आवर्तनाने पुढची रक्कम धरावी व हीच कृती पुन्हा करावी.

प्रथम १२० ही रक्कम २७५, ९०, ३१० व १५५ यांच्याशी जोडली जाते. या चार बेरजा होतात. मग २७५ च्या तीन, ९० च्या दोन व ३१० ची एक. एकूण दहा बेरजांत सर्व जोड्या तपासून होतात. एकही सुटत नाही व एकही दोनदा येत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

आतील आवर्तन ‘पुढील रकमेपासून’ सुरू करणे, ही या रीतीची किल्ली आहे. ते पहिल्या रकमेपासून सुरू केल्यास दहाऐवजी पंचवीस बेरजा होतात, प्रत्येक जोडी दोनदा येते आणि रक्कम स्वत:शीच जोडली जाते. तूट १८० रुपये असती, तर यंत्राने ९० ची एकच पावती दोनदा मोजून खोटे उत्तर दिले असते. याउलट, ९० रुपयांच्या दोन वेगळ्या पावत्या असत्या तर ती जोडी खरी ठरली असती. म्हणून तुलना करताना स्थानक्रमांक भिन्न असावेत. रकमा समान असण्यास हरकत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. पहिली जोडी सापडताच थांबण्याची आज्ञा दिल्यास यंत्र १२० व ३१० ही जोडी दाखवून स्वस्थ बसेल. परंतु २७५ व १५५ यांची बेरीजही ४३० च होते. म्हणजे उत्तरे दोन आहेत. थांबण्याची आज्ञा नसेल तरच दुसरी जोडी पुढे येईल.

यादी वाढली तर?

पाच रकमांना दहा बेरजा पुरतात. परंतु शंभर रकमांना ४,९५० व हजार रकमांना ४,९९,५०० बेरजा लागतात. यादी दुप्पट झाली की काम सुमारे चौपट होते. लहान यादीस ही रीत उत्तम आहे. मोठ्या यादीस मात्र दुसरा मार्ग शोधावा लागतो.

तो मार्ग वजाबाकीचा आहे. प्रत्येक रकमेला कोणता जोडीदार हवा हे आधीच काढता येते. १२० ला ३१० हवा, २७५ ला १५५ हवा. रक्कम वाचताना तिचा जोडीदार पूर्वी येऊन गेला आहे काय, हे नोंदीत पाहावे. नसल्यास ती रक्कम नोंदीत लिहून पुढे जावे. ३१० येताच १२० ची नोंद सापडते, १५५ येताच २७५ ची. यादी एकदाच वाचून दोन्ही जोड्या हाती येतात. मात्र ही नोंद ठेवण्यासाठी यंत्रास अधिक जागा लागते. वेळ वाचवायचा तर जागा खर्च करावी लागते, हे तत्त्व येथे दिसून येते.

वर्गात हा पाठ संगणकाविनाही घेता येईल. पाच विद्यार्थ्यांच्या हाती रकमांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांना रांगेत उभे करावे. प्रत्येकाने आपल्या पुढील सर्वांशी बेरीज करून पाहिली की आवर्तनात आवर्तन म्हणजे काय, ते आपोआप उमगते.

निर्णय माणसाचाच

कोणत्या जोडीची बेरीज ४३० होते, एवढेच यंत्र सांगू शकते. पैसे कोणाचे राहिले, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी पावतीपुस्तकाची स्थळप्रत पाहून चौघांकडेही नम्रपणे विचारणा करणे, हाच मार्ग उरतो. यंत्राचे उत्तर हा चौकशीचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. ज्याला आज्ञावलीची रीत कळली आहे, त्याला ही मर्यादाही कळते. आणि कारभारात विनाकारण कोणावर ठपका येऊ नये, यासाठी तेवढी जाण आवश्यक आहे.