चष्मा गेला, डोळा तोच : तीव्र निकटदृष्टिता आणि दृष्टिपटल

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील सातवा अध्याय आपण सर्वांनीच पदवीच्या वर्षांत घोकलेला आहे. दोष दुसऱ्या पटलात गेला की रुग्णास माश्या, मच्छर, केस, जाळी दिसू लागते. तिसऱ्या पटलात गेला की वरचे दिसते, खालचे दिसत नाही आणि मोठ्या वस्तूही वस्त्राने झाकल्यासारख्या भासतात. हे वर्णन मुखोद्गत असूनही रुग्णाच्या तोंडून ते आले तेव्हा आम्हांस वेळेवर ओळखता आले नाही. प्रस्तुत लेखाचे कारण तेच.

काही वर्षांपूर्वी अडतिशीतील एक शिक्षक आमच्याकडे आले. डाव्या डोळ्यापुढे चार दिवसांपासून काळे ठिपके तरंगतात, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखे होते, अशी तक्रार होती. डोळा लाल नव्हता, वेदना नव्हती, चष्माही नव्हता. जागरण, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि मलावष्टंभ असा इतिहास मिळताच वातप्रधान तिमिर समजून आम्ही नेत्रतर्पण सुरू केले. तिसऱ्या दिवशी घृत पुसल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, नाकाच्या बाजूने खालून काळा पडदा वर येतोय." त्यांना तत्काळ नेत्रशल्यविशारदांकडे पाठविले. बाहुली विस्फारून पाहता दृष्टिपटल वरच्या बाहेरील बाजूस फाटून सुटलेले आढळले; पीतबिंदूही उचलला गेला होता. शल्यविशारदांचा पहिलाच प्रश्न होता, पूर्वी चष्म्याचा नंबर किती होता? उत्तर आले, उणे नऊ. लग्नाआधी लेझर करून त्यांनी चष्मा घालविला होता. आम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता.

येथे शारीर समजून घेणे अगत्याचे आहे. प्रौढ नेत्रगोलाची पुढून मागे लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एक मिलिमीटरने वाढली की सर्वसाधारणपणे अडीच ते तीन नंबर वाढतो. उणे सहा किंवा त्याहून अधिक नंबर म्हणजे तीव्र निकटदृष्टिता. अशा डोळ्याची लांबी बहुधा २६ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. गोल लांबतो, परंतु आतील दृष्टिपटल त्या प्रमाणात नव्याने वाढत नाही, ते ताणले जाते. त्यामागील रक्तवाहिन्यांचा थर विरळ होतो, मधल्या पातळ पटलास भेगा पडतात, कधी डोळ्याची मागची भिंतच बाहेर फुगते. कडेला दृष्टिपटल जाळीसारखे झिजते. आतील काचद्रव अकाली पातळ होऊन आकसतो आणि सुटताना ते झिजलेले पटल ओढतो. ओढ म्हणजे वीज चमकणे, फाटणे म्हणजे ठिपक्यांचा अकस्मात वर्षाव, आणि छिद्रातून द्रव मागे शिरणे म्हणजे पडदा. लेझरने केवळ कृष्णमंडलाचा बाक बदलतो. लांबलेला गोल आणि ताणलेले पटल जसेच्या तसे राहते.

मध्यभागी होणारी हानी अधिक मूक असते. पीतबिंदूखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या तर दाराची चौकट वाकडी दिसते, वहीच्या रेघा लाटांसारख्या होतात. यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शने उपलब्ध आहेत. ती लवकर मिळाली तरच उपयोग. पटल केवळ झिजत गेले असेल तर योग्य चष्मा लावूनही अक्षर फिकट वाटते, संध्याकाळी पायरी चुकते, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा उशिरा सरावतो. काचबिंदूचा धोकाही अशा डोळ्यांत अधिक असतो.

सुश्रुतांचे पटल आणि आजचा रेटिना यांचे ओढूनताणून समीकरण मांडण्याचा मोह काही विद्वान मित्रांना आवरत नाही. आम्हांस त्यात रस नाही. लक्षणे मात्र तीच आहेत, एवढे पुरे. थकलेल्या, कोरड्या डोळ्यांत आम्ही आजही तर्पण करतो. पण फाटलेले पटल घृताने शिवले जात नाही. उलट नेत्र झाकलेले असल्याने पडद्याची पहिली सावली रुग्णास उमगत नाही आणि मोलाचे दिवस जातात. पीतबिंदू उचलला जाण्यापूर्वी शस्त्रकर्म झाले तर दृष्टी वाचण्याची शक्यता पुष्कळ अधिक. केवळ छिद्र असताना रुग्ण सापडला तर बहुधा लेझरचे डाग देऊन भागते. म्हणून नवे ठिपके, चमक वा सावली असलेला रुग्ण त्याच दिवशी बाहुली विस्फारून तपासला गेला पाहिजे. तोवर तर्पण, नस्य, वमन काहीही नको. शीर्षासनाने नेत्रांतर्गत दाब वाढतो, तेव्हा तीव्र निकटदृष्टीच्या रुग्णास तेही सुचवू नये.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंकडे असे रुग्ण आमच्याही आधी येतात. "डोळ्यांत टाकायला काहीतरी द्या" म्हणणाऱ्यास थेंबांची बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हे केव्हापासून, आणि चष्म्याचा सर्वांत मोठा नंबर किती होता?

त्या शिक्षकांचे पटल शस्त्रकर्माने बसले. डाव्या डोळ्याने मोठी अक्षरे दिसतात, बारीक टाइप वाचता येत नाही. तपासणीत उजव्या डोळ्यातही एक लहान छिद्र सापडले. त्यास वेळेत लेझर केले गेले. ते आजही आमच्याकडे येतात, मलावष्टंभासाठी. आमच्या रुग्णपत्रिकेवर वयाच्या खाली 'पूर्वीचा नंबर' असा रकाना आता छापलेला आहे.