बाटल्या, नांगर आणि दोन टक्के!

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला ज्यांचं नाव आहे, ते एकेकाळी रिकाम्या बाटल्या विकायचे, माहीत आहे का? सर जमशेटजी जीजीभाई! लोक त्यांना ‘बाटलीवाला’च म्हणत. पुढे चीनच्या व्यापारात गडगंज श्रीमंत झाले आणि १८५३ मध्ये कारागिरी शिकवणाऱ्या शाळेसाठी त्यांनी रोख एक लाख रुपये देऊ केले. १८५७ मध्ये शाळा सुरू!

त्या लाखाचं व्याज बघायचंय? सीएसएमटीला उतरलात की मान वर करा. दगडातली पानंफुलं, पशुपक्षी, जाळीकाम... या सजावटीत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. एखादी लोकल सुटली तरी चालेल, पण बघाच!

आता मुंबईतलीच तंत्रशिक्षण संस्था, व्हीजेटीआय. १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेल्या या संस्थेमागे सर दिनशा पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक होते. गिरण्या धडधडत होत्या, यंत्रं जाणणारे हात हवेच होते. आणि गंमत ऐका: १९९७ मध्ये ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’चं ‘वीरमाता जिजाबाई’ झालं, पण इनिशियल्स जशीच्या तशी!

याच व्हीजेटीआयमध्ये शिकवायला कोण होतं, ओळखा पाहू? लक्ष्मणराव किर्लोस्कर! जे. जे.त चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येईनात. मग त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, नंतर लोखंडी नांगर. शेतकरी हात लावेनात, लोखंडानं जमीन नासते अशी धास्ती! पण लक्ष्मणराव हटले नाहीत, आणि १९१० मध्ये उभी राहिली त्यांची उद्योगनगरी, किर्लोस्करवाडी. व्यापाऱ्याच्या देणगीतल्या शाळेत घडलेला मुलगा स्वतःच कारखानदार झाला. एका लाखाची एवढी मोठी कमाई मला तरी दुसरी दिसत नाही.

फास्ट फॉरवर्ड! १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. हाच तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कौशल्य प्रशिक्षण त्या यादीत आहे. पण फक्त स्वतःच्याच कामगारांना शिकवलं तर? तो खर्च धरत नाहीत!

भिंत बांधायला शिकण्यासाठी उलट तुम्हालाच पैसे मिळाले तर? एल अँड टीनं तर हा नियम येण्याआधीच, १९९५ पासून, बांधकाम कौशल्याच्या प्रशिक्षण संस्था काढल्या. आपल्या पनवेललाही एक आहे. गवंडीकाम, सेंटरिंग, सळया वाकवणं शिका. फी शून्य, वर स्टायपेंड!

आकड्यांचे शौकीन आहात? मार्च २०२४ मध्ये बजाज समूहानं ‘बजाज बियॉन्ड’ जाहीर केलं. पाच वर्षांत ५,००० कोटी रुपये, आणि मुख्य भर कौशल्यावर. पाचावर तब्बल दहा शून्यं!

आणि हो, गवंडीकामाचीही जागतिक स्पर्धा असते! वर्ल्डस्किल्समध्ये विटांची भिंत मिलिमीटरमध्ये मोजतात. वेल्डिंग, केशरचना, मिठाई, सगळ्यात चुरस. यात भारताला पहिलं गोल्ड कधी मिळालं, माहीत आहे का? २०१९ मध्ये, रशियातल्या कझानला. आणि विषय? वॉटर टेक्नॉलॉजी!