पराजित संघ आणि ‘आपण’

विजयी संघाचा अभिमान बाळगणे ही मनुष्याची सहजप्रवृत्ती होय. तिचे कारण शोधण्याची आवश्यकता सहसा भासत नाही. परंतु वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाच्या पाठीशी जो उभा राहतो, तो कोणत्या बळावर, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो. कारण ही निष्ठा प्रथम व्यक्त होते ती एका सर्वनामाच्या द्वारे.

अमेरिकेत विद्यापीठीय बास्केटबॉल हा मोठ्या लोकानुरागाचा विषय आहे. शिकागोच्या उत्तरेस एव्हान्स्टन येथे असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. आंतरविद्यापीठीय राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला अंतिम सामना १९३९ साली याच विद्यापीठाच्या पॅटन व्यायामशाळेत झाला. तथापि यजमान विद्यापीठाच्या पुरुषसंघास त्या स्पर्धेत प्रवेश मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात स्पर्धा ७८ वेळा भरली. १९९९-२००० च्या हंगामात तर या संघाने ३० पैकी २५ सामने गमावले व ‘बिग टेन’ मंडळातील सर्वच्या सर्व १६ सामन्यांत तो हरला. २०१७ च्या मार्चमध्ये व्हँडरबिल्टवर ६८-६६ असा विजय मिळाला. पुढच्याच सामन्यात गोन्झागाने ७९-७३ असे हरविले. त्यानंतरचे पाचही हंगाम पुन्हा विजयांपेक्षा पराभवच अधिक देणारे ठरले व स्पर्धेचे दार उघडले ते २०२३ साली. अशा संघाचा पक्ष आयुष्यभर घेणाऱ्यास लाभाचा हिशेब मांडून काहीच उत्तर सापडणार नाही.

रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. ते अमेरिकन फुटबॉलविषयी असले तरी त्याचा निष्कर्ष व्यापक आहे. विद्यापीठाचा संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालणारे विद्यार्थी अधिक आढळले. दूरध्वनीवरून सामन्याचा निकाल विचारला असता, विजयाचे वर्णन करताना प्रथमपुरुषी अनेकवचन अधिक वेळा आले. पराभवाचे वर्णन करताना त्याचे प्रमाण घटले. म्हणजे ‘आम्ही जिंकलो’, पण ‘ते हरले’. पुढे १९८६ साली स्नायडर आदी संशोधकांनी अपयशी गटापासून अंतर राखण्याच्या या वृत्तीचा स्वतंत्र विचार केला.

मराठीत हा भेद अधिक सूक्ष्मपणे प्रकट होतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ व त्यास सामावून घेणारे ‘आपण’ अशी दोन आहेत. प्रतिपक्षाच्या समर्थकाशी बोलताना ‘आम्ही हरलो, तुम्ही जिंकलात’ असे म्हणणे योग्य. स्वपक्षीयाशी बोलताना ‘आपण हरलो’ हेच स्वाभाविक. क्रिकेटच्या सामन्यानंतर मराठी घरांतून हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. यांपैकी ‘आपण हरलो’ या प्रयोगात बोलणारा स्वतः तर पराभव पत्करतोच, शिवाय ऐकणाऱ्यालाही त्याचा वाटेकरी करतो. पराजिताची निष्ठा एकट्याने सांभाळली जात नाही, ती परस्परांच्या साक्षीने टिकते, ही गोष्ट या सर्वनामातच सूचित आहे.

या निष्ठेची किंमत मात्र खरी असते. हर्ट आदी संशोधकांनी १९९२ साली इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या समर्थकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. संघ हरल्याचे पाहिल्यानंतर निष्ठावंत समर्थकांनी स्वतःच्या कौशल्याविषयी बांधलेले अंदाजही खाली आले. सर्वनाम न सोडणाऱ्यास पराभव असा स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

मग तो ते का सोडत नाही? विद्यापीठाच्या संघातील खेळाडू काही वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. २०२१ पासून तर एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मुभाही विस्तारली आहे. तेव्हा निष्ठेचा विषय विशिष्ट खेळाडू नव्हेत. तेथे शिकलेल्याचे तारुण्य, त्या गावात वाढलेल्याचे बालपण, त्या बाकांवर शेजारी बसलेली माणसे, हा त्याचा खरा आधार होय. निकाल काहीही लागो, आपले पूर्वायुष्य कोणास बदलता येत नाही.

ही निष्ठा अंध असते, असेही नव्हे. ‘आपण आज फार वाईट खेळलो’ या वाक्यात दोषाची स्पष्ट कबुली आहे, परंतु संबंध तुटलेला नाही. ‘ते वाईट खेळले’ असे म्हणणाराही सत्यच सांगतो. मात्र तो न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसलेला असतो. ‘निष्ठा’ हा शब्द ‘नि’ या उपसर्गासह ‘स्था’ म्हणजे उभे राहणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. त्या मूलार्थात जिंकण्याचा उल्लेख नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.